शेवटची पंधरा मिनिटे: फुटबॉल पंचाच्या शरीरावर आणि मनावर येणारा ताण

पंचगंगाकाठ
गेली ११ वर्षे मी जिल्हा पातळीवर फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो आहे. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे; शनिवार-रविवार आणि हंगामातल्या बहुतेक संध्याकाळी मैदानावर जातात. हा धागा काढण्याचे कारण गेल्या उन्हाळ्यातला एक सामना आहे, जो अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही.

मे महिन्यातली १६ वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती आणि तो माझा त्या दिवशीचा तिसरा सामना होता. सामना संपायला ६ मिनिटे उरलेली असताना मागे पडलेल्या संघाचा एक मुलगा चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात शिरला आणि बचावपटूच्या पायात अडकून पडला. मी तेव्हा जवळजवळ ३० मीटर मागे होतो. मला पडणारा मुलगा दिसला, अडकवणारा पाय दिसला नाही. जे दिसले नाही ते द्यायचे नाही, या नियमाने मी खेळ चालू ठेवला आणि तो संघ ०-१ असा हरला. रात्री कोणीतरी चित्रफीत पाठवली. पेनल्टी स्वच्छ होती.

पुढचे चार दिवस मोबाइलवर जे येत राहिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र त्या शिव्यांपेक्षा मला अधिक छळणारा प्रश्न असा आहे, की त्या क्षणी मी धावलो का नाही? आळस नव्हता, बेपर्वाई तर नव्हतीच. पाय उचलले गेले नाहीत, आणि त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे आपण मागे पडलो आहोत, हे मला त्या वेळी जाणवलेही नाही.

त्यानंतर मी जानेवारी २०२२ मधल्या आफ्रिकी चषकातल्या ट्युनिशिया-माली सामन्याबद्दल पुन्हा वाचले. झांबियाचे पंच जॅनी सिकाझ्वे यांनी ८५व्या मिनिटालाच सामना संपल्याची शिट्टी वाजवली, चूक लक्षात आल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि ९० मिनिटे पुरी व्हायच्या आत दुसऱ्यांदा शेवटची शिट्टी वाजवली. सगळ्या जगाने त्यांची खिल्ली उडवली. कॅमेरूनमधल्या लिंबे येथे दुपारी दोनला सुरू झालेल्या त्या सामन्यात पारा ३४ अंशांच्या आसपास होता, हवा दमट होती आणि पंचांना उष्माघात झाला होता, हे नंतर बाहेर आले. आपला जीवही जाऊ शकला असता, असे त्यांनी पुढे सांगितले. हा माणूस नवशिका नव्हता. २०१७ च्या आफ्रिकी चषकाची अंतिम लढत आणि २०१८ च्या विश्वचषकातले सामने त्यांनी सांभाळले होते.

माझा प्रश्न सरळ आहे. थकलेल्या शरीराने घेतलेला चुकीचा निर्णय हा पंचाचा दोष मानायचा, की ज्या परिस्थितीत त्याला उभे केले तिचा? ज्यांनी शिट्टी हातात धरली आहे त्यांनी आणि ज्यांनी कडेला उभे राहून पंचाला दोष दिला आहे त्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

डॉ_अनघा
मी क्रीडावैद्यक क्षेत्रात काम करते, त्यामुळे या प्रश्नाच्या शरीराकडच्या बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

वरच्या दर्जाच्या सामन्यात मुख्य पंच साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या जवळपास. त्यातले काही अंतर उलट्या पावली किंवा आडव्या चालीने कापावे लागते, कारण खेळाकडे पाठ करून चालत नाही. २००० साली झालेल्या, युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेतल्या पंचांचा अभ्यास झाला होता. सामनाभर मुख्य पंचांच्या हृदयाच्या ठोक्यांची सरासरी त्यांच्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्के भरली, तर मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक पंचांची ७७ टक्के. त्याच अभ्यासात मुख्य पंचाने एका सामन्यात घेतलेले, डोळ्यांना दिसू शकणारे निर्णय सरासरी १३७ निघाले. चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ ९० मिनिटांहून कितीतरी कमी असतो, म्हणजे खेळ चालू असताना दर मिनिटाला दोन-तीन निर्णय आले. दम लागलेल्या अवस्थेत, धावता धावता.

आता यात वयाची भर घाला. खेळाडू पंचविशीत असतो आणि पंच बहुधा पस्तिशी-चाळिशीत, कारण अनुभव येईपर्यंत वय वाढलेले असते. खेळाडू दमला तर प्रशिक्षक त्याला बाहेर घेतो. हल्ली पाच बदल करता येतात. पंचाला बदली खेळाडू नसतो, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला म्हणून आपल्या जागी उभे राहून श्वास घेण्याची सोयही नसते.

उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने पाणी जाते आणि तेवढ्याच धावेसाठी हृदयाला अधिक कष्ट पडतात. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के पाणी गेले की एकाग्रता ढिली पडू लागते. ६५ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास झाले, आणि मे महिन्यात तीन सामने केलेल्या माणसाने ते कधीच ओलांडलेले असते. आपण मागे पडलो हे आपल्याला जाणवले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते मला अजिबात विचित्र वाटत नाही. थकवा पायांबरोबर स्वतःवर नजर ठेवण्याची क्षमताही कमी करतो. आपण दमलो आहोत हे ओळखणारा मेंदूच दमलेला असतो.

लेफ्टविंग_सांगली
मी १४ वर्षे खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. मला या चर्चेत वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती कटू वाटली तर क्षमा असावी.

थकवा सगळ्यांनाच येतो. माझ्या खेळाडूने ८५व्या मिनिटाला सोपा गोल चुकवला तर त्याच्या रक्तात पाणी किती उरले होते, असे कोणी विचारत नाही. पंचाच्या चुकीचा भुर्दंड मात्र चूक न करणाऱ्याला पडतो. त्या सामन्यात हरलेल्या मुलांपैकी एखाद्याची पुढची निवड हुकली असेल, एखाद्याच्या वडिलांनी त्याच दिवशी खेळ बंद करायला सांगितले असेल. ज्याला ९० मिनिटे धावता येत नाही त्याने मुख्य पंच होऊ नये, एवढे मला साधे आणि न्याय्य वाटते.

शिव्यांचे समर्थन मी करत नाही. पण ‘परिस्थिती’ या शब्दामागे जबाबदारी लपते, असे मला मनापासून वाटते.

पंचगंगाकाठ
लेफ्टविंग, तुमचे म्हणणे मला मान्य नाही असे नाही. त्या मुलांची नावे मला आजही पाठ आहेत, कारण सामन्याचा अहवाल मीच लिहिला होता. तुमच्या एका वाक्याबद्दल मात्र सांगतो. ९० मिनिटे मला धावता येते. फिफाच्या चाचणीत पंचाला ४० मीटरच्या सहा वेगवान धावा थोड्या विश्रांतीने घ्याव्या लागतात आणि त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे, २५ मीटर चालणे, असे ४० वेळा, म्हणजे ट्रॅकच्या १० फेऱ्या. आम्हाला तेवढ्या कडक वेळा नसतात, पण चाचणीची पद्धत तीच आणि मी ती दर वर्षी उत्तीर्ण होतो. फक्त ही चाचणी सकाळी सहाला होते, आणि तिच्याआधी दोन सामने झालेले नसतात.

नवखा_प्रेक्षक
एक साधी शंका आहे. सिकाझ्वे यांची प्रकृती बिघडली होती, तर मैदानाबाहेर राखीव असलेला चौथा पंच का उतरला नाही?

आकडेमोड
उतरणार होता. सामना संपल्यावर काही वेळाने उरलेला खेळ चौथ्या पंचाच्या देखरेखीखाली पुरा करण्याचे ठरले आणि मालीचा संघ मैदानावर आलाही, परंतु ट्युनिशियाने यायला नकार दिला. खेळ चालू असताना मात्र प्रकृती बिघडल्याचे ओळखून पंचाला बाजूला करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, असे ती दृश्ये पाहताना वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कतारच्या विश्वचषकात बेल्जियम-कॅनडा सामन्याला हेच सिकाझ्वे मुख्य पंच होते, हेही येथे नोंदवतो, कारण खिल्ली उडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते लक्षात ठेवले.

धाग्याच्या शीर्षकातील ‘शेवटची पंधरा मिनिटे’ हा नुसता अनुभवाचा मुद्दा नाही. दक्षिण आफ्रिकेत २००९ साली झालेल्या कॉन्फेडरेशन्स चषकातले फाउलचे ३८० प्रसंग संशोधकांनी चित्रफितींवर तपासले. पंचांच्या एकूण निर्णयांत १४ टक्के चुका निघाल्या. शेवटच्या १५ मिनिटांत मात्र हे प्रमाण २३ टक्क्यांवर गेले. सर्वांत कमी चुका मैदानाच्या मधल्या भागात, प्रसंगापासून ११ ते १५ मीटरवर असताना झाल्या. हे जगातले निवडक पंच होते, दिवसाला एकच सामना करणारे. ३० मीटरवरून, तिसऱ्या सामन्याच्या शेवटी दिलेल्या निर्णयाकडे या आकड्यांच्या उजेडात पाहावे.

मांडवीपार
मी गोव्यात सहायक पंच म्हणून काम करतो. मुख्य पंचाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, म्हणून टचलाइनवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरच्या माणसाबद्दल थोडे.

आम्ही निम्मीच लांबी सांभाळतो, त्यामुळे अंतर कमी पडते. पण आमचे काम शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत अखंड राहण्याचे. तो एक पाऊल पुढे आला की आम्ही एक पाऊल पुढे जायचे, तो वळून धावला की आम्ही वळून धावायचे, आणि तो विशीतला असतो. चेंडू मारला जाताना आक्रमक खेळाडू त्या रेषेच्या पुढे असला तर तो ऑफसाइड. ऑफसाइडच्या चुका पक्षपातातून होतात असे प्रेक्षकांना वाटते. ‘नेचर’ या विज्ञानपत्रात २००० साली डच संशोधकांनी दाखवले, की अशा चुकांचे एक मोठे कारण पंचाची जागा हे आहे. रेषेच्या एक मीटर पुढे किंवा मागे उभे राहिले की तिरक्या नजरेमुळे दूरचा खेळाडू प्रत्यक्षापेक्षा पुढे किंवा मागे दिसतो. म्हणजे पाय एका मीटरने चुकले की डोळा खरे पाहूनही खोटे सांगतो. त्यातच चेंडू मारला जातो एकीकडे आणि पुढचा खेळाडू धावतो दुसरीकडे. दोन्ही गोष्टी एका क्षणात पाहणे मानवी नजरेच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्ही चेंडूला पाय लागल्याचा आवाज कानाने टिपायला शिकतो आणि डोळे रेषेवर ठेवतो.

कानाने, हे मुद्दाम लिहिले. कारण आमच्या पाठीशी दोन-तीन मीटरवर प्रेक्षक असतात आणि गावच्या मैदानावर तर कुंपणही नसते. ज्या कानाने चेंडूचा आवाज ऐकायचा, त्याच कानात आईवरून दिलेल्या शिव्या सतत पडत असतात. मागे वळून पाहायचे नाही, हा आम्हाला मिळालेला पहिला धडा. मुख्य पंचाला शिव्या देणारे लांब असतात, आमच्या बाबतीत त्यांचा श्वास मानेवर जाणवतो. एका सामन्यात माझ्या पाठीवर दगड लागला. छोटा होता, जखम झाली नाही. पण त्यानंतरच्या साऱ्या हंगामात डोळे रेषेवर आणि मन पाठीवर, अशी माझी अवस्था होती.

उत्रेख्तकर
मांडवीपार यांच्या पाठीवरच्या दगडाबद्दल वाचून राहवले नाही. मी १६ वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो आहे. डिसेंबर २०१२ मध्ये येथल्या आल्मेर शहरात मुलांच्या सामन्यात लाईनमन, म्हणजे सहायक पंच म्हणून स्वेच्छेने उभ्या राहिलेल्या एका वडिलांना सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातल्या मुलांनी मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता. काही किशोरवयीन खेळाडूंना आणि त्यांतल्या एकाच्या वडिलांना शिक्षा झाली. पुढच्या शनिवार-रविवारी देशभरातले हौशी सामने बंद ठेवले गेले होते. आमच्या गल्लीतले मैदान त्या शनिवारी पूर्ण रिकामे होते, ते दृश्य मी विसरलेलो नाही.

व्यावसायिक पातळीही सुरक्षित नाही. तुर्कस्तानात डिसेंबर २०२३ मध्ये अंकारागुजू संघाच्या अध्यक्षांनी मैदानात उतरून पंच हलील उमुत मेलेर यांना ठोसा मारला आणि ते खाली पडल्यावर इतरांनी त्यांना लाथा मारल्या. त्यानंतर तिथल्या लीगचे सामने थांबवण्यात आले. मेलेर हे फिफाच्या यादीतले पंच. कॅमेऱ्यांसमोर हे घडू शकते, तर कॅमेरे नसलेल्या मैदानावरच्या पंचाने कोणत्या भरवशावर ऐनवेळी पेनल्टी द्यावी?

उपायांचे काही प्रयत्न चांगले वाटतात. इंग्लंडमध्ये खालच्या पातळीवरच्या सामन्यांत पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला १० मिनिटे बाहेर बसवतात, आणि २०२३ पासून काही भागांत पंचांच्या छातीवर कॅमेरा लावून पाहिला गेला. २०२४ च्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधाराने पंचाशी बोलायचे, असा दंडक होता. घोळक्याने अंगावर येणारे खेळाडू दिसेनासे झाले, तेव्हा पंचांचे चेहरेसुद्धा वेगळे दिसत होते.

लेफ्टविंग_सांगली
मारहाणीबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. पण हिंसा आणि थकवा हे दोन वेगळे विषय आहेत. मूळ प्रश्न थकलेल्या पंचाच्या चुकीचा होता.

डॉ_अनघा
ते वेगळे राहात नाहीत, हेच तर सांगायचे आहे. भीती वाटली की शरीर तेच करते जे धावताना करते: ठोके वाढतात, स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो. सामना सुरू होण्याआधी, एक पाऊलही न टाकता, पंचाचे ठोके वाढलेले असतात. धावणे आणि धास्ती यांचा खर्च एकाच खात्यातून होतो. शिवाय धास्तावलेल्या माणसाचे लक्ष आकसते. समोरचा एक खेळाडू स्पष्ट दिसतो आणि बाजूला काय चालले आहे ते निसटते. पाठीवर दगड लागलेला सहायक पंच पुढच्या सामन्यात लवकर दमेल, हे मी शरीरशास्त्राच्या आधाराने सांगू शकते.

आकडेमोड
डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पात्र पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले गेले. एका गटाला प्रेक्षकांच्या आवाजासह, दुसऱ्याला आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. हे पंच खुर्चीवर बसले होते. त्यांना कोणी मारणार नव्हते, घरी जाताना कोणी अडवणार नव्हते. नुसत्या आवाजाने एवढा फरक पडला आणि त्यांतल्या कोणालाही आपण झुकलो असे वाटले नसेल.

करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा युरोपातल्या लीगमध्ये पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली. प्रेक्षक उठून गेल्यावर हात हलका झाला, असेच म्हणावे लागते.

ईशाची_आई
माझी मुलगी १९ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षी पंचाची परीक्षा उत्तीर्ण झाली. कतारमध्ये १ डिसेंबर २०२२ रोजी स्टेफनी फ्रापार यांनी कोस्टारिका-जर्मनी सामना सांभाळला आणि पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य पंच होणारी ती पहिली स्त्री ठरली, तेव्हा ईशा आणि मी रात्री जागून तो पाहिला होता. गोव्याच्या उवेना फर्नांडिस मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या, हेही तिने मला सांगितले. त्यानंतर तिने शिट्टी विकत घेतली.

तिच्या चौथ्या सामन्याला मी गेले होते. मुलांचा सामना होता, १४ वर्षांखालील. तिने एका मुलाला पिवळे कार्ड दाखवले आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी, जे कपड्यांवरून आणि बोलण्यावरून चांगले सुशिक्षित वाटत होते, माझ्या मुलीबद्दल असे शब्द उच्चारले, की मी जागच्या जागी थिजले. तिने ते ऐकले. तिची मान किंचित वळली, हे मी पाहिले. तिने खेळ चालू ठेवला. घरी येताना दुचाकीवर मागे बसून ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर जेवली, झोपली आणि पहाटे तीनला उठून मला म्हणाली, “आई, ते कार्ड बरोबर होते ना?”

कार्ड बरोबर होते. तिच्या वरिष्ठांनी तसे सांगितले. पण पहाटे तीनला उठवणारा तो प्रश्न कोणत्या चाचणीत मोजला जातो, हे मला या धाग्यावरच्या जाणकारांना विचारायचे आहे.

मनमोकळे
ताई, मी समुपदेशनाचे काम करते. तो प्रश्न मोजला जात नाही, आणि वर्षानुवर्षे साठत गेला तर काय होऊ शकते याचे एक उदाहरण फुटबॉलजगताने पाहिले आहे. जर्मनीचे पंच बाबाक रफाती यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये कोलोन-माइन्झ सामन्याच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत जीव देण्याचा प्रयत्न केला. ठरल्या वेळी ते आले नाहीत म्हणून त्यांच्या सहकारी पंचांनी खोली उघडवली आणि ते वाचले. सामना रद्द झाला. त्याआधी खेळाडूंच्या मतचाचण्यांत ते एकाहून अधिक वेळा सर्वांत वाईट पंच ठरवले गेले होते. नंतर त्यांनी आपल्या नैराश्याबद्दल, चुकीच्या भीतीबद्दल आणि झोप उडाल्याबद्दल उघडपणे सांगितले. आज ते ताण आणि मानसिक आरोग्य या विषयांवर व्याख्याने देतात.

स्वीडनच्या आंदेश फ्रिस्क यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. फेब्रुवारी २००५ मधल्या बार्सिलोना-चेल्सी सामन्यात त्यांनी चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढले, त्यानंतर त्यांना आणि कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि महिन्याच्या आत त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. त्याच्या काही महिने आधी रोममध्ये प्रेक्षकांतून आलेल्या वस्तूने त्यांचे कपाळ फुटले होते. त्या जखमेनंतर ते मैदानावर परतले होते. घरच्यांना आलेल्या धमक्यांनंतर परतले नाहीत.

ईशाला पहाटे बोलावेसे वाटले आणि ती तुमच्याशी बोलली, ही फार मोलाची गोष्ट आहे. मैदानावर ज्यांना चेहरा दगडासारखा ठेवायला शिकवले जाते, त्यांतल्या अनेकांचा तो चेहरा घरीही तसाच राहतो. प्रत्येक सामन्यानंतर अनुभवी पंचाशी १० मिनिटे बोलायचे, आधी चांगल्या निर्णयाबद्दल आणि मग चुकलेल्याबद्दल, एवढी एक सवय तिला लावून द्या. झोप सलग बिघडू लागली तर मात्र वाट न पाहता तज्ज्ञाकडे जावे.

जुनी_कात्रणे
आज आपल्याला साधे वाटणारे पिवळे-लाल कार्डसुद्धा एका पंचाच्या छळातून निघालेले आहे. १९६२ च्या विश्वचषकात चिली-इटली सामना सांभाळणाऱ्या केन अॅस्टन यांच्यासमोर खेळाडूंनी लाथाबुक्क्यांनी मारामारी केली, बाहेर काढलेला इटलीचा खेळाडू जाईना म्हणून पोलिसांना आत यावे लागले. पंच इंग्रजी बोलणारा, दोन्ही संघांची भाषा वेगळी. पुढे १९६६ च्या विश्वचषकाच्या वेळी लंडनच्या रस्त्यावर सिग्नलचे दिवे पाहून त्यांना रंगीत कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या विश्वचषकात ती वापरात आली. त्या एका तुकड्याने जगभरच्या पंचांचा केवढा ताण हलका केला असेल.

नवखा_प्रेक्षक
आता व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून पंचाचा निर्णय तपासण्याची सोय आली आहे. त्याने पंचांवरचा ताण कमी झाला असेल ना?

मांडवीपार
अंशतः. गोल चुकीचा ठरवल्याचे ओझे घेऊन घरी जाण्याची भीती कमी झाली आहे. पण पडद्यापाशी जाऊन उभा राहिलेला पंच हा एक नवा ताण आहे. ५० हजार लोक ओरडत असताना, स्वतःचा निर्णय मोडायचा की राखायचा, हे त्याने एकट्याने ठरवायचे. शिवाय आपल्यासारख्यांच्या मैदानांवर व्हीएआर नाही, येणारही नाही; मात्र टीव्हीवर ते पाहणारा प्रेक्षक आमच्याकडून तेवढीच अचूकता मागू लागला आहे. आमच्या निर्णयांवरचा व्हीएआर म्हणजे प्रेक्षकाचा मोबाइल, आणि तो सामना संपल्यावर चालू होतो.

भारतातही मार्च २०२३ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत बेंगळुरूच्या छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवरचा गोल पंचांनी मान्य केला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. क्लबला पुढे ४ कोटींचा दंड झाला. व्हीएआर नसलेल्या त्या मैदानात, रिकाम्या अर्ध्या भागासमोर उभ्या असलेल्या पंचाचे ठोके त्या वेळी किती असतील, याचा विचार मी आजही करतो.

लेफ्टविंग_सांगली
दोन दिवस मी काही लिहिले नाही, कारण ईशाच्या आईंचा प्रतिसाद वाचल्यावर लिहिता आले नाही. मीही टचलाइनवरून ओरडलो आहे. मुलांसमोर ओरडलो आहे.

माझा मूळ मुद्दा मी पूर्णपणे सोडत नाही. चुकीची जबाबदारी पंचाची आहेच, आणि पंचगंगाकाठ यांनी ती कुठे नाकारलेलीही नाही. नाकारली असती तर त्यांना त्या मुलांची नावे पाठ राहिली नसती. पण आकडेमोड यांनी दिलेला २३ टक्क्यांचा आकडा वाचल्यावर मी आमच्या स्पर्धेचे वेळापत्रक काढून पाहिले. १५ वर्षांखालील १२ संघ, तीन दिवस, आणि पंच फक्त चार. पहिल्या दिवशी एका पंचाला सलग तीन सामने लावले आहेत, त्यांतला मधला दुपारी दीडला. हे वेळापत्रक मी स्वतः केले आहे. मुलांना दोन सामन्यांमध्ये तीन तासांची विश्रांती मिळेल, याची मी काळजी घेतली होती. पंचाचा रकाना सर्वांत शेवटी भरला.

पंचगंगाकाठ, आता आपल्याला विचारतो. दिवसाला दोनच सामने आणि मध्ये किती विश्रांती दिली, तर पंच दुसऱ्या सामन्याच्या शेवटीही नीट धावेल?

डॉ_अनघा
किमान तीन तास, आणि सावलीत बसण्याची जागा. दुपारी बारा ते साडेतीन सामनाच नको. प्रत्येक अर्ध्यात पाण्याची एक विश्रांती ठेवा. नियमांत तिची तरतूद आहे आणि ती पंचासाठीसुद्धा आहे. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये फोर्टालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको सामना याच कारणासाठी मध्ये थांबवला होता. पंचाचे वजन सामन्याआधी आणि नंतर करून पाहा. एक किलोहून अधिक घट दिसली तर त्याला त्या दिवशी पुन्हा उतरवू नका.

पंचगंगाकाठ
डॉक्टरांनी सांगितले तेवढे पुरे आहे. मी फक्त एक जोडतो. पाण्याची बाटली पंचाच्या हातात नेऊन द्यायला एक माणूस नेमा. विश्रांतीत दोन्ही संघ आपापल्या बाकाकडे धावतात, आणि पंच मैदानाच्या मध्यावर घड्याळाकडे पाहात उभा राहतो. गेल्या मे महिन्यात मी तिन्ही सामन्यांत तसाच उभा होतो.

दोन पंच कमी पडत असतील तर पहिल्या दिवशी मी येऊ शकतो. सांगलीला सकाळी पोहोचेन. एकच सामना घेईन.

लेफ्टविंग_सांगली
सकाळी आठचा सामना तुमच्या नावावर लिहिला आहे. दीडचा सामना साडेचारवर नेला. बाटली घेऊन मी स्वतः येईन.

ईशाची_आई
आणखी एक सहायक पंच हवा असेल तर कळवा. ईशा विचारते आहे.